गॅलरीत अडवलेली गोधडी

आमच्या लालबागच्या चाळीत प्रवासाहून आलेल्या माणसाचं स्वागत उंबऱ्याबाहेरच होतं. सासूबाई गॅलरीत बॅग उघडायला लावतात, शिवणी चाचपतात, मगच आत घेतात. ढेकूण एका खोलीत शिरला की भिंतीच्या फटींतून अख्ख्या मजल्याला छळतो. त्यात शेजारच्या काकूंच्या घरी तान्हं बाळ होतं.

म्हणून मालवणला गेल्यावर मी काय कमी काळजी घेतली? लॉजवर मोबाइलच्या टॉर्चने गादीचे कोपरे पाहिले, बॅग बाथरूममध्ये ठेवली. नवरा म्हणाला, "पंचनामा झाला असेल तर झोपू का?" झोप बाबा! निघताना मावशीकडे गेलो. तिने माझ्या आईच्या साड्यांची गोधडी शिवून ठेवली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी ती छातीशी धरली नि तशीच बॅगेत भरली. मावशीच्या घरच्या वस्तूवर कोण टॉर्च मारतंय?

सासूबाईंनी मारला. घरी पोचताच गॅलरीत गोधडीची किनार उलटली आणि आत ढेकूण!

ह्याच बाईने ढेकणांपायी एकदा चांगली सागवानी खाट भंगारात दिली होती. "टाकायची नाही हां, सांगून ठेवते!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की काकू दारात आल्या. आता ह्या मला फाडून खाणार, असं वाटलं. त्या आत गेल्या नि मोठा टोप घेऊन आल्या. "माझ्याकडेपण पाणी उकळत ठेवते. एका टोपाने काय होणार?"

"आणि टाकतंय कोण गो?" सासूबाई माझ्यावरच डाफरल्या. "आईचं आहे ना?"

मोरीत उकळतं पाणी ओतलं तसा आईच्या हिरव्या साडीचा रंग वाहायला लागला. मी ढसाढसा रडले. सासूबाई पाणी ओतत राहिल्या. मग गच्चीवरच्या कडक उन्हात रोज गोधडी उलटसुलट करणं, शिवण न् शिवण तपासणं, सगळं त्यांनीच केलं.

शेवटी मी ती अंथरायला घेतली, तर त्यांनी हातातून ओढून घेतली आणि गॅलरीत घालून स्वतःच तिच्यावर झोपल्या. सकाळी बाह्या वर करून मला दोन्ही हात दाखवले.

"बघ, कुठे काही चावलं नाही. घे आता तुझी आई."

मी आधी त्यांनाच मिठी मारली.