वकील फ्रिज उघडतो, अशी तक्रार

आबाजींचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. आज अमरावतीत ग्राहक माझं नाव घेऊन फोन करतात, सेंटरमधली नवीन मुलं मला सर म्हणतात, ते आबाजींमुळे. ते माझ्या नात्यातले नाहीत. एका ग्राहकाचे वडील, एवढीच ओळख. पण त्यांनी माझ्यासाठी जे सोडलं, ते मी त्यांच्या वयात कोणासाठी सोडलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही.

तर मी त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उकिडवा बसलो होतो आणि त्यांच्या सूनबाई, वैशालीताई, मला सांगत होत्या की फ्रिज त्यांचा बोका उघडतो.

"पंजानं?" मी विचारलं.

"डोक्यानं," त्या म्हणाल्या. "भल्लं डोकं आहे त्याले."

बोक्याचं नाव वकील. दिवसभर कोणाशी ना कोणाशी वाद घालत असतो म्हणून ठेवलेलं. पांढरा, गळ्याशी काळा पट्टा. त्या वेळी तो ओट्याखाली बसून माझ्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहत होता, जणू हा माणूस शिकलेला आहे का ते तपासत होता.

शिकलेला मी नव्हतो. नववीतच शाळा सुटली. मी देवगडकडचा. माझा मामा आंब्याचा टेम्पो घेऊन अमरावतीच्या फळबाजारात यायचा, एका खेपेला आंब्यांबरोबर मलाही उतरवून गेला. तिथल्या एका अडत्याच्या ओळखीने देशमुख साहेबांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चिकटलो. राहायला सेंटरच्या मागची खोली. आईने गावात सांगून टाकलं होतं की मुलगा इंजिनिअर झाला. त्यामुळे परत जायची सोय उरली नव्हती. 

काम मात्र सोपं होतं. फ्रिजच्या दाराला आतून चारी बाजूंनी रबर असतं, त्याला आम्ही गॅस्केट म्हणतो. त्या रबराच्या पोटात लोहचुंबकाची पट्टी असते, म्हणून दार चिकटतं. रबर कडक झालं की पकड जाते. तपासायचं कसं, तर दारात कागदाची चिठ्ठी धरायची, दार लावायचं आणि चिठ्ठी ओढायची. सहज निघाली तर रबर गेलं.

चिठ्ठी सहज निघाली नाही. अडकली. फाटली.

"रबर चांगलं आहे ताई," मी म्हणालो.

"मी कुठं म्हणून राहिली रबर खराब आहे? बोका हुशार आहे, असं म्हणून राहिली."

त्यांचं म्हणणं असं. मे महिना. दुपारचं जेवण झालं की कूलर लावून सगळं घर झोपतं. उठून पाहावं तर फ्रिजचं दार उघडं, खाली पाणी, दुधावरची साय गायब आणि वकील उघड्या फ्रिजसमोर थंड हवा खात आडवा. मिशांना साय. याहून मोठा पुरावा काय हवा?

मी तरी गॅस्केट बदललं. पुढचे पाय थोडे उंच केले. फ्रिज किंचित मागे झुकला की दार आपोआप लागतं. ताईंना दाखवलं, चहा घेतला, निघालो. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आबाजी तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"कुठचा रे तू, पोट्ट्या?"

"देवगडकडचा."

"म्हणजे हापूसवाला! आन थो सोडून अथी आला? बयताडच दिसतं."

आठवडाभरात पुन्हा तक्रार आली. आमच्या धंद्यात याला रिपीट म्हणतात. एकाच घरून, एकाच कारणासाठी पुन्हा फोन आला, म्हणजे मेकॅनिकने काम नीट केलं नाही असं कंपनी धरते. देशमुख साहेबांनी मला समोर उभं केलं.

"कोकण, काय करून आला बे तिथं?" साहेब मला कोकणच म्हणायचे.

"साहेब, रबर नवीन टाकलं. लेव्हल केलं. ते म्हणतात बोका उघडतो."

"बोका?"

"वकील नावाचा."

"जाय आन लॉक लावून ये. बोक्याची तक्रार कंपनीले सांगू का मी?"

गेलो. या वेळी श्रीखंड गेलं होतं. वैशालीताई खूश होत्या. त्यांची मोठी बहीण अकोल्याला असते, तिच्याकडे राणी नावाची मांजर. ती राणी म्हणे उकडलं की कूलरचं बटण पंजाने दाबते. दोन वर्षं ताई हे ऐकून घेत होत्या. आता त्यांच्याकडे उत्तर होतं.

"बटन दाबणं काय, थे तं कोणीबी दाबन," त्या मला म्हणाल्या. "फ्रिज उघडून पाहा म्हणा."

"पण ताई, मग लॉक कशाला लावायचं?"

"अवो, श्रीखंड जाऊन राहिलं ना!"

त्यांना बोका हुशारही हवा होता आणि श्रीखंडही. मी चाइल्ड लॉक लावलं. प्लास्टिकची पट्टी असते. एक टोक दारावर, एक बाजूला चिकटवायचं. उघडायला दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबून ओढायची. लहान मुलांना जमत नाही. आबाजी खुर्ची सरकवून जवळ आले.

"दाखव बरं, कसं उघडते थे?"

मी दाखवलं. त्यांनी करून पाहिलं. जमलं नाही. मी पुन्हा दाखवलं, अंगठे कुठे ठेवायचे ते सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला तहान लागली तर अडायला नको, एवढाच माझा विचार. तिसऱ्यांदा त्यांनी लॉक खट्‌कन उघडलं.

"वा! तू मास्तर पाह्यजे होता," ते म्हणाले. मला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सायकल मारत सेंटरला परत येताना मी गात होतो.

पुढचा फोन थेट साहेबांना गेला. लॉक लावलेलं होतं. फ्रिज बंद होता. आत आमरसाचं भांडं चाटूनपुसून रिकामं होतं आणि ते जागच्या जागी ठेवलेलं होतं.

"भांडं जागेवर ठेवलं त्यानं!" वैशालीताई स्पीकरवर ओरडत होत्या. "आमच्या घरातले माणसं ठेवत नाई!"

मी आंब्याच्या घरात वाढलो. पडवीत अढी आणि अढीवर मांजरं, असं आमचं घर. आंब्याला तोंड लावणारं मांजर मी पाहिलेलं नाही. पण ग्राहकाच्या घरात ग्राहकाच्या मांजराविषयी शंका घ्यायची नसते, एवढं मला कळत होतं.

ताईंचे यजमान विनोदभाऊ मागून म्हणाले, "फ्रिज वॉरंटीत आहे. बदलून द्या आमाले."

फ्रिज बदलणं म्हणजे कंपनीचा माणूस नागपूरहून येणार, साहेबांना दहा प्रश्न विचारणार. साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "उद्या मी सोता येतो. बोक्यानं उघडलं तं फ्रिजचा दोष. नाई उघडलं तं तुह्या फिटिंगचा. मंग तुह्या मामाले फोन लाव, टेम्पो कधी येते इचार."

बोक्याने उघडलं नाही तर फिटिंगचा दोष कसा, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. खोलीवर आल्यावर बॅग काढून ठेवली. गावात काय सांगायचं ते ठरवत बसलो. इंजिनिअर सुट्टीवर आलाय, असं फार दिवस चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो तर घरात कार्यक्रम असल्यासारखी गर्दी. शेजारच्या बायका सतरंजीवर बसलेल्या. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात अकोल्याची बहीण व्हिडिओ कॉलवर, मांडीवर राणी. फ्रिजमध्ये ताजा आमरस ठेवून लॉक लावलं होतं. समोर उशी, उशीवर वकील. आबाजी आपल्या खुर्चीवर, हातात पंखा.

"वकील, उघड बेटा," वैशालीताई म्हणाल्या.

वकीलने जांभई दिली.

"झोपेतून उठवलं ना त्याले," शेजारीण म्हणाली.

"उघड रे शोन्या. मावशी पाहून राहिली अकोल्याहून."

वकीलने एक पाय वर करून मागची बाजू चाटायला घेतली. अकोल्याहून आवाज आला, "आमच्या राणीनं एव्हाना कूलर लावून, पाणी भरून झालं असतं वो."

"ताई, तू मधात बोलू नको. तुह्या आवाजानं थो बुजते."

विनोदभाऊंचं मत पडलं की साहेबांच्या सेंटचा वास त्याला आवडला नसावा. साहेब बाहेर जाऊन उभे राहिले. काही फरक नाही. शेजारणीने सुचवलं, सगळ्यांनी डोळे मिटा. आम्ही सगळ्यांनी मिटले. साहेबांनी खिडकीतून मिटले. उघडले तेव्हा वकील झोपला होता.

वैशालीताई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. "त्याले समजलं ही परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "हुशार जनावर परीक्षा देत नाई."

मीही नववीची दिली नव्हती. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

साहेब आत आले. "ताई, बोका कितीबी हुशार असो, हा प्रश्न फिटिंगचा आहे. हे पोट्टं नवीन आहे. उद्यापासून याले घरी पाठोतो आन तुमाले सीनियर माणूस देतो. फ्रिज बदलाचा इचार सोडा."

विनोदभाऊंनी मान हलवली. सगळ्यांना पटलं. एवढ्या लोकांना माझ्या जाण्याने बरं वाटतंय असं पहिल्यांदाच पाहिलं. मी हत्यारांची पिशवी उचलली. पक्कड आत टाकली ती नेम चुकून बाहेर पडली. पुन्हा उचलली.

तेव्हा आबाजी उठले. पंखा खुर्चीवर ठेवला. फ्रिजपाशी गेले, दोन्ही अंगठे मी सांगितले होते तिथे ठेवले आणि लॉक खट्‌कन उघडलं. आमरसाचं भांडं काढलं. शेजारचं सायीचं भांडं काढलं. वकीलच्या नाकापाशी बोटभर साय धरली, तो झोपेतच चाटायला लागला. मग आबाजींनी आमरसाचा एक डाव उभ्याने प्यायला, मिशा पुसल्या, भांडी जागच्या जागी ठेवली, दार लावलं, लॉक लावलं.

"हे असं उघडते," ते म्हणाले.



"आबाजी!" वैशालीताई ओरडल्या. "तुमची शुगर!"

"हाय ना शुगर. म्हणूनच तं दुपारी खातो." ते साहेबांकडे वळले. "या पोराले कावून घरी पाठवता? लॉक एकदम मजबूत आहे. मले दोन्ही हात लागते. आधी एका हातात भांडं राहे आन हा वकील पायात राहे, म्हणून दार उघडं राहून जाये. याच्या लॉकनं दार नीट लावाची सवय लागली मले. याच्या कामात खोट नाई."

"मंग बोका?" विनोदभाऊंनी विचारलं. त्यांचा चेहरा फार पडला होता.

"थोच तं उठवते मले! तुमी झोपले का येते, धोतराले पंजा मारते, फ्रिजपाशी जाऊन बसते. मी उघडतो. साय त्याची, बाकी माह्यं. आधी साय त्याले देल्याशिवाय मले खाऊ देत नाई, बोंबलते. तुमी जागे झाले तं माह्यं काय होईन?"

सगळे वकीलकडे पाहत राहिले. मला वाटलं, ताई आता रडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. त्यांनी मोबाईल हातात घेतला.

"ऐकलं का ताई? तुह्या राणीले बटन सोता दाबा लागते. आमच्या वकीलनं त्यासाठी माणूस ठेवला!"

अकोल्याहून फोनच बंद झाला. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. साहेब एवढे हसले की फ्रिजला धरून उभे राहिले, आणि फ्रिज हलला नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. "लेव्हल बरोबर केली बे कोकण," ते म्हणाले. गाडीवर बसताना म्हणाले, "मामाले फोन नको लावू."

आता नवीन मुलांना मी शिकवतो तेव्हा रबर बघा, बिजागरी बघा, पाय बघा म्हणतो. मग घरात दुपारी कोण जागं असतं ते विचारा. आणि मालकासमोर जनावराच्या अकलेवर मत देऊ नका. तुम्ही बरोबर असलात तरी शेवटी मालकच जिंकतो.

त्या फ्रिजला नंतर चावीचं कुलूप लागलं. तेही मीच लावलं, दुसरा कोणी नको म्हणून वैशालीताईंनी मुद्दाम मला बोलावलं. आबाजी खुर्चीवरून पाहत होते. वकील त्यांच्या मांडीवर. मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हतो.

"आबाजी, माझ्यामुळे तुमचं..." मी म्हणालो.

"आमरस काय, पुढच्या जल्मी पिऊ," ते म्हणाले. "या वकीलले पटवणं कठीण आहे. थो अजून रोज दुपारी उठवते मले."

मी त्यांना अजून काही दिलेलं नाही. साधं पेढ्याचं पुडकंही नेता येत नाही, सूनबाई दारातच अडवतात. पण गावाला आमच्या परसात एक जुनं हापूसचं झाड आहे. आबाजींची शुगर जेव्हा केव्हा ताळ्यावर येईल, डॉक्टर जेव्हा केव्हा एका फोडीपुरतं हो म्हणतील, तेव्हा त्या झाडाचा आंबा मी स्वतः मांडीवर घेऊन अमरावतीला आणीन. त्यांच्यासमोर बसून कापीन. आणि सायीची वाटी सोबत नेईन, कारण वकीलचा हिस्सा आधी द्यावा लागेल.