उजवीकडून येणारा पहिला

चांद्याला गोल झाला, त्याला गोल म्हणायचं की चक्कर, यावरच आधी बरेच दिवस वाद चालला. चार रस्ते मिळत होते तिथे मधोमध विटांचा गुडघाभर कठडा बांधला, आत माती भरून झेंडू लावला आणि एका खांबावर ‘डावीकडून चला’ अशी पाटी ठोकली. बाजाराला येणाऱ्या बैलगाडीवाल्यांना ती कोणाची तरी समाधी वाटली. एका म्हाताऱ्यानं तिथे उदबत्ती लावलेली मी स्वतः पाहिली आहे. गोलाला वळसा घालायचा असतो हे कळलं, तरी कोणी कोणासाठी थांबायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. सागाचे ओंडके लादलेला ट्रक आला की सगळे थांबत, कारण तो मोठा. जंगलाच्या ठेकेदाराची काळी मोटार आली की ट्रकही थांबे, कारण ती ठेकेदाराची. आमच्या दवाखान्याच्या जीपसाठी कोणीच थांबत नसे.

मी तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होते, तिशीतली. डॉक्टरबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, नागपूरकडच्या, एकट्या राहणाऱ्या. खादीचं लुगडं नेसून, पदर कमरेला खोचून त्या जीप चालवत तेव्हा मूल गावापासून सावली गावापर्यंत रस्त्यावरची माणसं काम सोडून बघत. जीप लढाईत वापरलेली, स्वस्तात घेतलेली, आणि तिचं चाक डाव्या बाजूला. म्हणजे चालवणारा डावीकडे आणि उजव्या बाजूचं काही नीट दिसायचं नाही, त्यात ताडपत्रीचं झाकण. म्हणून बाईंनी पहिल्या दिवशीच मला उजवीकडे बसवून सांगितलं, “माझा उजवा डोळा तू. गोलाशी आलो की उजव्या हाताकडून कोण येतं ते सांगायचं. आपला गोल उजवीकडे राहतो, म्हणजे जो आधीच गोलात शिरला तो आपल्याला उजवीकडूनच दिसणार. त्याला आधी जाऊ द्यायचं. मग आपण.”

“आणि तो बैलगाडीवाला असला तं?”

“तरी तोच आधी.”

मला हे पहिल्यांदा जरा विचित्रच वाटलं. पण बाई खरंच तसं करत. मागून ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून थकला, तरी गोलातली बैलगाडी सावकाश निघून जाईपर्यंत त्या जीप हलवत नसत. बैलांची घाई कोणाला करता येते, असं म्हणून त्या चाकावर हात ठेवून शांत बसत. त्या बैलगाडीवाल्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी उजवीकडून पाहायची. मोटार आपल्यासाठी थांबली आहे हे त्याला खरं वाटत नसे. एकानं तर आपलीच गाडी थांबवली, खाली उतरला आणि हात जोडले. त्यानं मग सगळाच रस्ता अडला.

पुढे बाईंनी मलाही चालवायला शिकवलं. रामाळा तलावाकडच्या मोकळ्या मैदानात क्लच, गिअर, ब्रेक. मला शिकाऊ परवाना मिळाला तेव्हा घरी सासूबाईंनी विचारलं, “आता डाक्टरीण काय करन? मागं बसन?” पण गोलावर मात्र बाई मला चाक देत नव्हत्या. मीही मागत नव्हते. मला त्या गोलाची भीती वाटायची.

असं असताना एका पावसाळ्यानंतर वैनगंगेच्या काठावरून निरोप आला. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावात मोहाच्या झाडावरून पडून एका गोंड माणसाचा पाय मोडला होता. त्याच्या माणसांनी त्याला खाटेवर घालून, डोंग्यानं नदी पार करून अलीकडच्या काठावर आणलं होतं. आम्ही जीप घेऊन गेलो. बाईंनी तिथेच पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, त्याला मागे निजवलं, त्याची बायको उशाशी बसली. परत निघायचं तर बॅटरी मेलेली. बाई हँडल मारायला उतरल्या. इंजिन लागलं, पण हँडल उलटं फिरलं आणि बाईंचं मनगट मुरगळलं. बघता बघता सुजलं.

“चल,” त्या म्हणाल्या, “तू चालव.”

“बाई, चांद्यापर्यंत?”

“मग काय त्याला इथंच ठेवायचं?”

मी चालवलं. जंगलातला रस्ता बरा होता, माणूस नाही काणूस नाही. खड्डा आला की मागून त्या माणसाचं कण्हणं ऐकू यायचं आणि त्याची बायको गोंडीत काहीतरी हळू आवाजात बोलायची. बाई उजवीकडे बसून, एका हातानं दुसरं मनगट धरून, मला फक्त “हळू” किंवा “चांगलं” एवढंच म्हणत होत्या. चांदा आलं तेव्हा नेमका बाजाराचा दिवस.

गोलाशी आले आणि वेग कमी केला.

“ओंडक्यांचा ट्रक. उजवीकडून. गोलात आहे,” बाई म्हणाल्या. “त्याचं आधी.”

मी थांबले. ट्रक गेला.

“आता कोणी नाही. जा.”

मी गोलात शिरले. अर्धा वळसा झाला तेवढ्यात डावीकडच्या रस्त्यावरून ठेकेदाराची काळी मोटार भोंगा वाजवत येताना दिसली. रोजच्या सवयीनं माझा पाय ब्रेककडे गेला.

“नाही,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “तू आत आहेस. त्याच्या उजवीकडून येते आहेस. थांबायचं त्यानं. तू हळूच, पण जा.”

मी गेले. काळ्या मोटारीनं ब्रेक मारला, ती तिरपी होऊन आमच्यापासून हातभरावर थांबली आणि मी जीप थांबवली. ठेकेदार स्वतः खाली उतरला. कपड्याला कडक इस्त्री, तोंडात पान.

“डोळे फुटले काय? माही गाडी दिसली नाई तुले? बाईमाणसाच्या हाती गाड्या देऊन राह्यले आता!”

मला वाटलं बाई उत्तर देतील. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला समजलं की चाक माझ्या हातात होतं म्हणून बोलायचंही मीच होतं.

“मी गोलात होती,” मी म्हटलं. “तुमच्या उजव्या हाताकडून येऊन राह्यली होती. तुमाले थांबाचं होतं.”

“कोणी सांगितलं?”

कोपऱ्यावर हवालदार उभा होता. तोच, जो रोज या मोटारीला सलाम ठोकून बाकीच्यांना अडवायचा. ठेकेदारानं त्याला हाक मारली. “हवालदार, सांग हिले, गलती कोणाची?”

हवालदार जवळ आला. त्यानं जीपमध्ये मागे निजलेला माणूस पाहिला, त्याची बायको पाहिली, मग मोटारीच्या चाकांकडे पाहिलं. बाजारातले लोक गोळा झाले होते. तो घसा खाकरून म्हणाला, “मालक, बाईची गाडी उजवीकडून होती. गलती तुमची.”

मग ठेकेदार पान थुंकून मोटारीत बसला. आम्ही दवाखान्यात पोचलो. त्या माणसाचा पाय बाईंनी डाव्या हातानं, माझ्या मदतीनं बसवला. महिना-दीड महिन्यानं तो काठी टेकत आपल्या पायांनी चालत बाहेर पडला.

माझ्या अंगात मात्र कित्येक दिवस तोरा होता. नवऱ्याला, सासूबाईंना, शेजारणींना मी ती गोष्ट रंगवून सांगितली. आठवड्याभरात दवाखान्यात बातमी आली की ठेकेदारानं वर तक्रार केली आहे आणि हवालदाराला दूर जंगलात सिरोंच्याला धाडणार आहेत. त्याची म्हातारी आई आमच्याकडे दम्याचं औषध घ्यायला यायची, तिनंच रडत सांगितलं.

बाईंनी हातातलं काम संपवलं, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “जीप काढ.”

“कुठं जायचं?”

“पोलीस साहेबाकडे. तू तर फक्त गाडी चालवली. त्यानं पोटावर पाय येईल हे माहीत असून खरं सांगितलं.”

साहेबाच्या कचेरीत बाईंनी टेबलावरच्या पेपरवेटाचा गोल केला, दौत म्हणजे मोटार, टाकाची डबी म्हणजे जीप, आणि कोण कुठून आलं ते दाखवलं. तक्रारीबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, “साहेब, आपल्या गोलावर नियम सांगणारा एकच माणूस आहे. तो सिरोंच्याला गेला तर इथं कोण सांगणार?”

साहेबांनी दौत बोटानं मागे सरकवली. मग हसले आणि म्हणाले, “डॉक्टरबाई, माझी गाडीही परवा अशीच शिरली होती.”

हवालदाराची बदली झाली नाही. तो तिथेच राहिला, आणि पुढे उजवीकडून कोणी येत असलं की गोलात शिरणाऱ्या प्रत्येकाला उजवा हात उंच करून थांबवू लागला, मग तो कोणीही असो. आम्हालाही त्यानं एकदा थांबवलं. एक म्हातारी ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन गोल ओलांडेपर्यंत. बाई चाकावर होत्या. त्यांनी त्याच्यापुढे मान लववली, इतक्या आदरानं की तो लाजला.