कापसाची खोली

थंडीत पोरांना हुंदडू द्यावं, अंग गरम राहतं, असं सांगणाऱ्यांनी एक हिवाळा माझ्या घरी काढायला हवा होता. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात थंडीचे दिवस म्हणजे कापसाचे दिवस. वेचलेला कापूस मधल्या खोलीत ओतायचा आणि भाव चढून सरकी काढायच्या जिनात जाईपर्यंत तिथंच ठेवायचा. आम्ही माणसं उरलेल्या जागेत.

कापूस दबला की खोलीत जास्त मावतो. म्हणून सकाळी पोरांना आत सोडायचं आणि तुडवायला लावायचं, ही घरोघरची रीत. पोरं आनंदानं जायची. माळ्यावरून उड्या मारायची, छातीपर्यंत रुतायची, घामेजून बाहेर यायची. माझ्या मोठ्या मुलीनं लहानांवर लक्ष ठेवायचं, एवढीच आमची काळजी.

माझ्या धाकटीला मात्र थंडी पडली की दमा उठायचा. पाचेक वर्षांची असेल. चुलीजवळ बसवावं तर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा धूर, अंगणात बसवावं तर गार वारा, आणि खोलीत कापूस. अख्ख्या घरात एका पोरीला ठेवायला जागा नव्हती. मी तिला दुपट्यात गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात बसवायची. ती भिंतीला कान लावून भावंडांचं हसणं ऐकायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. पोटचीच पोरं ती, तरी यायचा.

"आत्याबाई, यंदा कापूस लवकर नेऊ द्या ना जिनात," मी सासूबाईंना एकदा म्हटलंच.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

"कापूस नेल्यानं थंडी जाते काय वं?" त्या म्हणाल्या. "माह्ये दोन लेकरं गेले अशाच हिवाळ्यात. म्या बी छातीच शेकत होती. तू बी शेक."

मी शेकत राहिले. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवायची, छातीवर धरायची. दुसरं काही येत नव्हतं मला.

एका सकाळी पाणी भरून आले तर मोठी दारात रडत उभी. "माय, धाकटी दिसून नाही राह्यली."

मी कापसात शिरले. कापसात घाई करता येत नाही. जेवढा बाजूला सारावा तेवढा तो पुन्हा अंगावर येतो. पाय हाताला लागला तसा ओढला. तिच्या पापण्यांवर, ओठांवर कापूस चिकटलेला. ती हसत होती आणि तिला श्वासही घेता येत नव्हता. मारायला उचललेला हात मी तिच्या पाठीवरून फिरवत बसले.

धाप जरा बसल्यावर तिनं विचारलं, "मंग मी कवा जाऊ, माय?"

"थंडी गेली की जाय."

त्यानंतर रोज उठल्याबरोबर तिचा एकच प्रश्न, "गेली काय थंडी?"

शिमग्याच्या आधी बैलबंड्या भरून कापूस जिनात गेला. मी खोली झाडून सारवली. ऊन तापू लागलं, तिचा दमाही निवला. बाकीची पोरं चिंचेखाली पळाली होती. धाकटी एकटीच खोलीच्या उंबऱ्यावर चढली आणि तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिनं सारवलेल्या भुईवर उडी मारली.

"पाय भुईले लागते, माय," ती म्हणाली, आणि पुन्हा उंबऱ्यावर चढली.