उपरण्यात सापडलेले पितळ

मंडळी, आज माझे पूजेचे उपरणे माझ्याच फटफटीच्या तेलाने पावन झाले. उद्या देवापुढे काय पांघरून बसू?

इंजिनातून काढलेले तेल गाळायला तलम कापड हवे, म्हणून रहीम मिस्त्रींनी ते माझ्या खांद्यावरूनच ओढले. गाळल्यावर त्यात सोनेरी कण चमकले. मिस्त्रींनी चुंबक फिरवला. एकही कण हलला नाही.

"पंडितजी, सोनं समजू नका. लोखंड असतं तं चुंबकाले चिकटलं असतं. हे पितळ हाय, आतला बुश, दांडा ज्यात फिरते ते कडं, झिजून राह्यला."

इंजिन न उघडता! वैद्याने नाडी पाहून सांगावे तसे. मी थक्कच झालो.

पण लढाईमुळे विलायतेहून माल येणे बंद, नवा बुश मिळत नाही. सोनाळ्यात लेकीचे दिवस भरलेत. निरोप येताच डॉक्टरांना मागे बसवून निघालो आणि फटफटी वाटेतच बंद पडली तर? मला तेवढीच भीती वाटते.