मामांचा उजवा खांदा

बसणं या विषयाचा माझ्या मामेसासऱ्यांइतका सखोल अभ्यास केलेला दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल. तुम्ही-आम्ही नुसते बसतो. म्हणजे पाय दुखले की दिसेल तिथे टेकतो आणि विषय संपवतो. मामा आधी जागेची मुलाखत घेतात. आमच्या घरी आले की चपला काढून थेट सोफ्यावर बसले असं कधी झालं नाही. तळहाताने गादी दाबून पाहायची, टेकायच्या उशीमागे बोटं घालून चाचपायचं, अलगद बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं आणि मगच पाण्याचा पेला हातात घ्यायचा. "जावईबापू, तुमचा स्पंज थकलाय," असा निकाल दर भेटीत ठरलेला. माझं लग्न जमवायला सगळी मंडळी आली तेव्हा कोणी माझा पगार विचारला, कोणी गाव विचारलं. मामांनी विचारलं, "ऑफिसात खुर्ची कसली आहे?" मी गोंधळून "चाकांची" म्हणालो. त्यावर त्यांनी मला दोन मिनिटं नुसतं न्याहाळलं आणि भाचीच्या कानात सांगितलं, "पोक काढत नाही. चालेल." आमच्या संसाराचा पाया असा माझ्या पाठीच्या कण्यावर घातला गेला आहे.

ते राहतात भाईंदर पूर्वेला, नवघरात, पण केस कापायला मीरा रोडला जातात, कारण तिथल्या खुर्चीला मान टेकायची सोय नीट आहे. लग्नकार्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीतून ते एकेक खुर्ची काढून फरशीवर डुगडुगते का पाहतात, आणि मनाजोगती सापडेपर्यंत शेवटच्या अक्षता पडलेल्या असतात. दातांच्या डॉक्टरकडे तर त्यांनी तोंड उघडलं ते "ही खुर्ची कुठून घेतलीत हो?" हे विचारायला. मामा मनापासून मानतात अशी एकच व्यक्ती आहे. नवघर गावातले, पूर्वी मिठागरात काम केलेले एक म्हातारबाबा रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्याला लागून खाली उकिडवे बसतात. मामांनी त्यांना वर बसायचा खूप आग्रह केला तर ते म्हणाले, "मना खालीच बरा वाटतं. कट्ट्याची सवय न्हाय." तेव्हापासून मामा त्यांना येता-जाता नमस्कार करतात.

या साऱ्या वेडाचं मूळ होतं त्यांच्या मोटारसायकलीत. आयुष्यभर सरकारी कचेरीतल्या लाकडी खुर्चीने छळलेल्या या माणसाला त्या गाडीवर स्वर्ग सापडला होता. दर गणपतीला सगळी कोकणी मंडळी गाड्यांच्या तिकिटांसाठी जीव टाकत असताना मामा-मामी हेल्मेटं चढवून मोटारसायकलवरून रत्नागिरीपलीकडच्या गावी निघायचे. मामी मागे साडी सावरून एका अंगाला बसलेल्या, मांडीवर पिशवी, डावा हात पिशवीवर, उजवा मामांच्या खांद्यावर. वाटेत मामांनी काहीतरी सांगायचं, वाऱ्यात मामींना त्यातलं अर्धंच ऐकू यायचं आणि त्यांनी "हो, हो" म्हणायचं. बायको म्हणते, मामा-मामींचं भांडण असं तिने कधी पाहिलंच नाही. असेलच एखादं, तर ते माणगावच्या आसपास वाऱ्यावर गेलं असावं.

पुढे मामांच्या पाठीच्या मणक्यात एक नस दबली आणि डाव्या पायातली ताकद हळूहळू जायला लागली. मामांनी हे कोणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. एके दिवशी काशीमिऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली, मामांनी सवयीने डावा पाय टेकला, आणि पायाने ऐनवेळी हात वर केले. गाडी उभ्या उभ्या आडवी झाली. मामांना खरचटलंदेखील नाही. मामींचं उजवं मनगट मात्र मोडलं. प्लास्टर घातलं तेव्हा मामी कण्हल्या नाहीत, रागावल्या नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता मी तुमच्या मागे बसायची नाही." मनगट यथावकाश जुळलं, पण मामी शब्दाला पक्क्या निघाल्या. दोन चाकं तर डॉक्टरांनी मामांना कायमचीच बंद केली होती.

दुसरा कोणी असता तर रिक्षाने फिरला असता. मामांनी फोनवर परदेशी व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आणि एका रविवारी सकाळी मला फोन आला. "जावईबापू, तीन चाकांची मोटारसायकल असते! पायच टेकावा लागत नाही!" शोध घेता घेता काशीगावाजवळ एक कारागीर सापडला. पायाने अधू असलेल्यांसाठी तो मोटारसायकलला मागे दोन चाकं बसवून देतो, आरटीओचे सोपस्कारही रीतसर करतो. त्याच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एक स्पोर्ट, म्हणजे हँडल खाली, पाय मागे आणि माणूस पुढे झुकलेला. दुसरी टूरिंग, म्हणजे हँडल वर, सीट रुंद, समोर काच, पाठीला टेक. आता तुम्हाला-मला यातलं एक निवडायला दहा मिनिटं पुरली असती. मामांना मात्र सगळ्या आयुष्याच्या अभ्यासाची परीक्षा आल्यासारखं झालं.

त्यांनी घराचीच प्रयोगशाळा केली. मोरीतल्या स्टुलावर दोन्हीकडे पाय टाकून, टीपॉयच्या कडा पकडून ओणवं व्हायचं, ही स्पोर्ट. आरामखुर्चीत बसून समोरच्या दोन खुर्च्यांच्या पाठी धरायच्या, ही टूरिंग. कोणी भेटायला गेलं की मामा यांपैकी एका अवस्थेत असायचे आणि पाहुण्याला मत द्यावंच लागायचं. समोरच्या दारातले गुजराती शेजारी म्हणाले, "टूरिंग लो ने काका, आराम से. इस उमर में झुकने का क्यों?" त्या ‘उमर’ शब्दाने मामा असे दुखावले की पुढचा आठवडाभर ते स्पोर्टवरून उतरलेच नाहीत. आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा तर त्यांनी पाटावर बसल्या बसल्या दोन्ही मुठी पुढे टेकवल्या, मान वर केली आणि सगळी पोथी त्याच अवस्थेत ऐकली. असा तल्लीन श्रोता भटजींना जन्मात मिळाला नसावा. त्यांनी आवाज चढवला, साधुवाण्याचं गलबत पूर्वी कधी बुडालं नसेल इतकं रंगवून बुडवलं आणि शेवटी मामांना प्रसादाची मोठी मूद स्वतःच्या हाताने दिली. मामांनी ती डाव्या हातावर घेतली म्हणून बायकोने डोळे वटारले, पण त्यांचा उजवा हात बधिर झाला होता. जेवताना मला हळूच म्हणाले, "पाच अध्याय म्हणजे पनवेल धरा. स्पोर्टवर पनवेलपर्यंत जमतंय."

"मग घ्या की स्पोर्ट," मी म्हटलं.

"घेतली असती हो. पण इथे बरोबर वाटत नाही." आणि त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला.

खांद्याची ही तक्रार आम्ही सगळ्यांनी फार मनावर घेतली. स्पोर्टवर खांदा बरोबर वाटत नव्हता, टूरिंगवर नव्हता, आमच्या सोफ्यावर नव्हता आणि मीरा रोडच्या त्या नामांकित खुर्चीतही नव्हता. बायकोने शेकायची पिशवी आणली. मी एक्सरे काढून आणला. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, गोल फिरवायला लावला आणि खांदा तिशीतल्या माणसासारखा आहे, असं सांगितलं. मामी रोज रात्री त्या खांद्याला तेल लावत आणि पुटपुटत, "दुखतो कुठे ते तरी सांगा." मामा म्हणायचे, "दुखत नाहीये गं. रिकामा वाटतोय." आता रिकाम्या खांद्यावर औषध काय देणार?

गणपती जवळ आले तेव्हा मात्र कारागिराने निकाल मागितला. मी मामांना गाडीतून काशीगावला नेलं. मामीही आल्या, पण आपण का आलोय ते त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं. "हे पडले तर उचलायला. मला त्या गाडीशी काही करायचं नाहीये." दोन्ही गाड्या शेडखाली तयार उभ्या होत्या. मामा आधी स्पोर्टवर बसले. पुढे झुकले, मान वर केली आणि क्षणभर मला त्यांच्या कचेरीतल्या पहिल्या नोकरीच्या दिवसांतला मुलगा दिसला. उतरताना मात्र मला आणि कारागिराला त्यांना काखेत हात घालून सरळ करावं लागलं. मग टूरिंग. पाठीला टेक, कोपर मोकळे, मान ताठ. कारागीर अगदी खुलून सांगायला लागला, "देखो अंकल, और पीछे तो सोफा है! आंटी के पीछे टेक, दोनों साइड हाथ रखने को. आंटी को आपको पकडने की जरूरतच नहीं. सो गयी तो भी नहीं गिरेंगी."

हे ऐकल्यावर मामांना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा मात्र उतरला. हँडलवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले. इतका आराम पायाशी लोळण घेत असताना एवढा दुःखी माणूस मी पाहिला नाही.

"आता काय झालं?" मामींनी लांबूनच विचारलं.

"काही नाही. छान आहे. पाठीला बरं वाटतंय."

"मग तोंड का असं?"

मामा उजवा खांदा तेवढा चोळत राहिले. मामी पर्स सावरत जवळ आल्या. मागच्या सीटभोवती त्यांनी एक फेरी मारली. बाजूचा हात दाबून पाहिला, टेक हलवून पाहिली. इतक्या वर्षांच्या संगतीने त्याही बसायच्या जागेची मुलाखत घ्यायला शिकल्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं. मग वैतागून म्हणाल्या, "अहो, पण मी यात शिरायचं कुठून? दोन्हीकडे हात लावून ठेवलेत. साडी नेसून मी काय टांग टाकून बसणार आहे?"

‘मी बसणार’ हे शब्द त्या सगळ्या वाक्यातून मामांनी नेमके उचलले होते. त्यांनी मान वळवून मामींकडे पाहिलं. मामींना आपण काय बोलून गेलो ते उमगलं आणि त्या शेडच्या पत्र्याकडे बघायला लागल्या.

"ये हाथ निकालो," मामा कारागिराला म्हणाले.

"कौनसा, अंकल?"

"ये बाजू का. लेफ्ट साइड का. और मेरे पीछे का ये टेक भी निकालो. बीच में आता है."

"अंकल, टेक तो आपके आराम का है! यही सब तो टूरिंग है. ये निकालेंगे तो टूरिंग में बचेगा क्या?"

"तीन पहिये बचेंगे. निकालो."

कारागीर माझ्याकडे केविलवाण्या नजरेने पाहत पाने घेऊन आला. टेक निघाली, डावीकडचा हात निघाला. मी मामींना आधार दिला, त्या पायरीवर पाय ठेवून एका अंगाला बसल्या, पिशवी नव्हती म्हणून पर्स मांडीवर घेतली, आणि मग विचार न करता, सवयीने, मोडून जुळलेल्या मनगटाचा तो उजवा हात उचलला आणि मामांच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

मामांनी डोळे मिटले. गाडी बंद, शेडखाली उभी, बाजूला वेल्डिंगचा आवाज चाललेला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "जावईबापू, आता बरोबर वाटतंय." मला एक्सरे आठवला आणि माझंच मला हसू आलं. हसता हसता डोळेही भरून आले, ते मी वेल्डिंगच्या उजेडावर ढकललं.

गणपतीला ते निघाले. मामींनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, वाटेत दोनदा मुक्काम ठरला होता, आणि ते घोडबंदर रस्त्याला लागेपर्यंत मी मागून गाडी घेऊन जायचं, अशी माझ्या बायकोने अट घातली होती. मामांचा पाय काही सुधारणारा नाही. आज डावा आहे, उद्या कदाचित उजवाही कुरकुर करेल, आणि मग तीन चाकंही थांबतील. हे मामांना माहीत आहे, मामींना तर त्यांच्याही आधीपासून माहीत असावं. पण त्या सकाळी दोघं नवघरातून निघाली तेव्हा कोणाच्याच चेहऱ्यावर ते नव्हतं. मामा काहीतरी सांगत होते आणि मामींचं हेल्मेट "हो, हो" हलत होतं.

काशीमिऱ्याचा सिग्नल नेमका लाल लागला. मामा थांबले, त्याच जागी. मी अगदी मागेच होतो, म्हणून मला दिसलं. मामींची बोटं खांद्यावरच्या शर्टात घट्ट रुतली, इतकी की शर्ट मानेपासून ओढला गेला. मामांचे दोन्ही पाय गाडीवर होते. गाडी जागची हलली नाही, कलली नाही, नुसती उभी राहिली. हळूहळू मामींची बोटं सैल झाली. मग त्यांनी शर्टाला पडलेली चुणी तळहाताने दोनदा सारखी केली आणि हात तिथेच राहू दिला.

सिग्नल हिरवा झाला. मामा हलेनात. मागे रांगेतल्या सगळ्या गाड्यांनी एकच गिल्ला केला. मामांच्या मागे पहिली गाडी माझी होती. मी हॉर्न वाजवला नाही.