दोन्ही डोळ्यांचं काजळ

सगुणाआत्या गेल्याचं सांगायला भावाचा फोन आला, तेव्हा मी आरशापुढे काजळ घालत होते. महिना झाला, पण अजून तिने दिलेली काजळाची डबी उघडली की हात थांबतो...

आत्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि शेवगावजवळच्या आमच्या गावीच राहिली. जीभ तिखट, माया त्याहून जास्त. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून ती काजळ पाडायची आणि आळीतल्या तमाम पोरांना पकडून घालायची. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट असेल. मी अडीच वर्षांची होते आणि माझा डावा डोळा लाल होऊन सुजला. डोळे आलेत, म्हणून सगळे निर्धास्त. शेजारणीने डोळ्यात अंगावरचं दूध घातलं, डॉक्टरांनी मलम दिलं. पंधरा दिवस गेले. रोज डोळा पुसणाऱ्या आत्याला मात्र चैन पडेना. ती वडिलांना म्हणाली,

"आन्ना, डोळं आलं असतं तर एव्हाना घरात समद्यांचं आलं असतं. हिचा एकच कसा? अन् चिपडंबी धरत न्हाईत."

तिनेच हट्टाने पुण्याला न्यायला लावलं. तिथले डॉक्टर म्हणाले, डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे. अशा मुलांच्या बुबुळात बहुधा पांढरी चमक दिसते, हिची गाठ लालीआड लपली. डोळा काढला नाही तर मूल हाती लागणार नाही. वडील आत्याला म्हणाले,

"एका डोळ्याच्या पोरीचं लगीन कसं व्हायचं, आक्का?"

"लगनाला आदी पोरगी जित्ती लागती. कर सही."

मी वाचले. काचेचा डोळा बसला. पण आत्याने काजळ पाडणं सोडलं. आपल्या काजळानेच गाठ झाली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. काजळाचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने मान तेवढी डोलावली. माझ्यासाठी साऱ्यांशी भांडणारी ही बाई स्वतःला मात्र माफ करेना. मला तिचा फार राग यायचा.

लग्नाच्या सकाळी मी तिच्यापुढे दिवा आणि ताटली ठेवली. म्हटलं, "तू पाडलेलं काजळ घातल्याशिवाय मी बोहल्यावर चढायची नाही." तिने वात लावली. काजळ पडलं, तसं तिने ते बोटावर घेतलं.

"दोन्हीला घालू?"

"दोन्हीला."

तिने आधी काचेच्या डोळ्याला घातलं.

त्यानंतर दर दिवाळीला तिची डबी येत राहिली. शेवटची निम्मी उरली आहे. काचेच्या डोळ्यालाही पाणी येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सध्या रोज काजळ घालते आणि ते दोन्हीकडून ओघळतं. मग पुसते, आणि पुन्हा डाव्या डोळ्यापासून सुरुवात करते.