टीव्हीवर नुसता आवाज

लग्नाचे व्हिडिओ बनवणाऱ्या भावांनो, आज मी पार थकलो.

किन्हीराजा गावातल्या लग्नाचा व्हिडिओ साडेतीन तासांचा झाला. नवरीच्या बाबांनी, मी त्यांना काका म्हणतो, बजावलं होतं, "आहेर देणारा एकही माणूस कापू नोको, लोकं रुसतात." फाइल एका पेनड्राइव्हमध्ये बसावी म्हणून मी व्हिडिओ दाबून लहान करणारा नवा एच २६५ कोडेक घेतला. चित्र झकास, फाइल निम्मी.

सकाळी काकांचा फोन आला. "घर भरून लोकं बसले अन् टीव्हीवर नुसता आवाज येऊन राह्यला!" त्यांच्या जुन्या टीव्हीले तो कोडेक चालतच नाही.

लॅपटॉप घेऊन मालेगावहून त्यांच्या घरी धावलो. तिथंच जुन्या एच २६४ मध्ये व्हिडिओ पुन्हा बनवला. दुपार झाली, पण कोणी उठलं नाही. काळ्या पडद्यासमोर बसून सगळे लग्नात माइकवर पुकारलेली आहेराची नावं ऐकत होते.

शेवटी चित्र आलं. काका म्हणाले, "आता पहिल्यापासून लाव. तू बी बस."

महिनाभर मी व्हिडिओचे रंग जुळवत बसलो, टीव्ही किती जुना हे एकदाही विचारलं नाही. तुमी विचारता का? सावकाश सांगा. मी इथंच आहो, आहेर अर्धा बाकी आहे.